तापलेल्या टीव्हीवरचा तळहात

ये, अशी जवळ बस. तिकडे दाराशी पर्स मांडीवर घेऊन काय बसलीस, बसची वाट बघत असल्यासारखी? आणि तो फोन आधी पालथा ठेव टेबलावर. ‘येते हं, नक्की येते’ म्हणत राहिलीस. तोवर झाडांची पानं लाल होऊन गळून गेली, दिवाळी गेली, थँक्सगिव्हिंग गेलं, आता ड्राइव्हवेच्या कडेला कमरेएवढा बर्फाचा ढीग उभा आहे, आणि आज उगवलीस. रागावत नाही मी, नुसतं बोलून दाखवते; तेवढा माझा हक्क आहे. तू मला कागदावरच भेटणारी आहेस हे कळतं गं मला. पण लिहिताना समोर कुणीतरी चहाचा कप धरून बसलेलं लागतं, त्याशिवाय माझं वाक्य पुढे सरकत नाही. तर कप घे आणि ऐक. आज जे सांगणार आहे ते मी आजवर एकदाच सांगितलं, आणि त्याचं पुढे काय होणार ते अजून मलाही पुरतं ठाऊक नाही.

दोन दिवस घरातलं हीटिंग बंद होतं. आज सकाळी दुरुस्तीवाला आला, तळघरातला फर्नेस उघडून झाडला, नवा फिल्टर घातला आणि पुन्हा सुरू करून गेला. पाचच मिनिटांत जमिनीतल्या जाळ्यांमधून तो वास वर आला, तापलेल्या धुळीचा. थोडा जळका, थोडा गोडसर, जुन्या लोकरीवर इस्त्री फिरवल्यासारखा. इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या तो ओळखीचा. थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की घराघरातून येतो आणि लोक म्हणतात, चला, आला हिवाळा. मला मात्र त्या वासाने आमचा जुना टीव्ही आठवतो. लाकडी पेटीतला, भलीमोठी पाठ मागे निघालेला, डोक्यावर मी विणलेली पांढरी जाळी. दोनेक तास चालला की त्याच्या पाठीतून अगदी हाच वास यायचा. बाहेर पाणी गोठत असायचं, तरी मी खिडकी सताड उघडायचे आणि टॉवेलने वारा घालत उभी राहायचे. घर गारठायचं, वासही जायचा. पण टीव्हीची ऊब जायची नाही. ती आपल्या चालीनेच जायची.

आम्ही डेट्रॉइटच्या या बाजूला आलो तेव्हा मी चोविशीत होते. ह्यांना मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी. सकाळी सहाला गाडी घेऊन जात, संध्याकाळी पाचला येत. गाडी एकच, मला चालवता येत नव्हती, आणि चालत जावं असं जवळपास काही नव्हतं. आजचं नोव्हाय, हे आमचं गाव, बघून तुला पटणार नाही. आता डोसा, साडी, भाजणी सगळं एका पार्किंग लॉटमध्ये मिळतं. तेव्हा शेत, मग रस्ता, मग परत शेत, आणि त्यानंतर आमच्या अपार्टमेंटची रांग. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी गप्प असायचे की स्वतःचा आवाज अजून आहे ना हे बघायला दुपारी मोठ्याने पाढे म्हणायचे. अपार्टमेंटमध्ये केबल आधीपासून जोडलेली होती, आणि त्या केबलवर नुकतीच सुरू झालेली एक वाहिनी होती. दिवसरात्र नुसती गाणी. आपल्याकडे तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाणी दाखवत आणि अख्खी आळी एका घरात जमायची. म्हणून पहिल्या दिवशी मला वाटलं, कार्यक्रम सुरू व्हायला उशीर झालाय, तोवर वेळ भरायला गाणी लावलीत. तासभर नीट बसून वाट बघितली. कार्यक्रम हाच, हे उमगायला दुसरा दिवस उजाडला.

काय ती गाणी होती! पिंजलेल्या कापसासारखे केस केलेले पुरुष, त्यांच्या डोळ्यांत काजळ. धुराच्या लोटांतून चालत येणाऱ्या बायका. विनाकारण फुटणाऱ्या काचा, वाळवंटात एकटाच मांडून ठेवलेला पियानो. अर्थ मला काडीचा कळत नव्हता, आणि कळावा असंही वाटत नव्हतं; त्या मिटलेल्या घरात कुणीतरी इतक्या जोरात काहीतरी म्हणत होतं, एवढंच पुरे होतं. गाण्याच्या सुरुवातीला खालच्या कोपऱ्यात गाणाऱ्याचं आणि गाण्याचं नाव उमटायचं. ते मिटायच्या आत वाचायचं, असा मी स्वतःशीच डाव मांडला होता. त्या डावाने माझं इंग्रजी वाचन सुधारलं. बोलणंही सुधारलं, नको तितकं. गाण्यांत जो तो समोरच्याला ‘बेबी’ म्हणायचा, म्हणून मला वाटलं ही इथली आदराने बोलवायची रीत असेल, आपल्या ‘अहो’सारखी. किराणा दुकानातल्या सत्तरीच्या कॅशिअरबाईंना मी महिनाभर ‘थँक यू, बेबी’ म्हणत होते. त्या दर वेळी लाजून हसायच्या. ह्यांनी ऐकलं त्या दिवशी गाडीत बसेपर्यंत चकार शब्द काढला नाही, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

दोन गाण्यांच्या मध्ये बोलणारी काही तरुण मंडळी होती. त्यांतली एक विस्कटलेल्या केसांची, जरा घोगऱ्या आवाजाची मुलगी मला फार आवडायची. जाहिराती लागायच्या आधी ती थेट माझ्याकडे बघून म्हणायची की कुठे जाऊ नकोस, मी आलेच. आणि खरंच यायची. तुला हसू येईल, पण त्या वर्षी मला ‘आलेच’ म्हणून परत येणारं दिवसभरात दुसरं कुणी नव्हतं. ह्यांना मात्र ती वाहिनी म्हणजे गोंगाट. म्हणून ते यायच्या आत मी टीव्ही बंद करायचे. लपवायचं असं काही मनात नव्हतं गं तेव्हा. दमून येणाऱ्या माणसाला शांतता हवी असते, एवढंच. लपवणं हे असंच, पायातल्या चपला दाराआड सरकवाव्यात तितक्या सहज सुरू होतं.

पुढे लेक झाली. तिला मांडीवर घेऊन मी त्याच गाण्यांवर झुलवलं, त्याच गाण्यांवर मऊभात भरवला. ती शाळेत जायला लागल्यावर दुपारी पुन्हा मी आणि ती वाहिनी. मुलगी नऊ वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत तिचा कोळीनाच होता. चांगला चालला होता. शेवटच्या कडव्याला तिने काय मनात आणलं देव जाणे, कंबर अशी काही हलवली आणि केस असे काही झटकले की हॉलमध्ये मागच्या रांगेतून हशा आला. मसालेभाताच्या रांगेत एक काका ह्यांना म्हणाले, “काय हो, लेक अमेरिकन झाली की.” हे हसले नाहीत. गाडीत म्हणाले, ती वाहिनी उद्यापासून घरात लागता कामा नये. आणि मागच्या सीटवरच्या मुलीला ऐकू जावं अशा आवाजात मीही म्हणाले की बरोबर आहे, असलं काही बघायचं नाही. ऐकतेयस ना? हे वाक्य माझं होतं.

तेव्हापासून त्यांनी एक रीत ठरवली. संध्याकाळी आले की बूट काढायचे, डबा सिंकमध्ये ठेवायचा, आणि टीव्हीच्या डोक्यावरची जाळी बाजूला करून तळहात टेकवायचा. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. तुझ्याही घरी असेल हे. आपल्यातल्या किती घरांत बापाचा हात असा टीव्हीवर पडलेला असतो. पण ह्यांची गोष्ट वेगळी होती. ब्रेक किती तापतो आणि किती वेळात निवतो हाच त्यांचा रोजचा धंदा. बोटांना अचूक कळायचं. ऊब खोटं बोलत नाही, म्हणायचे. मग मीही हिशेब बसवला. स्कूल बस पावणेचारला, हे पाचला. दोन वाजता बंद केला की पाचपर्यंत टीव्ही भिंतीइतका गार. दोन-तीन वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नाही. मुलीला मनाई करायची आणि ती शाळेत गेली की आपण तेच लावून भाजी चिरत बसायचं. यात काही वाकडं आहे, असं मला वाटायचंच नाही. ती लहान, मी मोठी, असं मी मनाला सांगितलं होतं.

लेक बाराची होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी वाहिनीवर लोकांनी निवडलेली शंभर गाणी उलट्या क्रमाने लावत होते, शंभरापासून एकाकडे. दोन वाजले तेव्हा तीस बाकी होती. म्हटलं, आणखी पाच. मग आणखी पाच. बाहेर बर्फ सुरू झालं होतं, आणि मी पहिल्या क्रमांकाची वाट बघत बसले. स्कूल बसचा ब्रेक वाजला तेव्हा मी उठून बटण दाबलं. लेक आली, दप्तर टाकलं, खोलीत जाऊन क्लॅरिनेट वाजवायला बसली. शाळेच्या बँडमध्ये होती ती. दोन आठवड्यांनी बँड शिकागोला मिरवणुकीत वाजवायला जाणार होता. वर्षभर ती त्या एका गोष्टीवर जगत होती. पालकांच्या सहीचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. मी म्हटलं, पाच वाजायला सव्वा तास आहे, निवेल बहुतेक. आणि सव्वाचारला दारात गाडी वाजली. बर्फामुळे कारखान्याने लवकर सोडलं होतं.

बूट काढले. डबा ठेवला. हात टेकवला. आणि तो हात तिथून हलेना.

त्यांनी तिला बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “खरं सांग. टीव्ही लावला होतास?” ती म्हणाली, नाही बाबा. “पुन्हा विचारतो. खरं सांग.” ती म्हणाली, “आय डिडंट, बाबा. आय स्वेअर.” मग हा आपोआप तापला का, त्यांनी विचारलं. ती टीव्हीकडे बघत राहिली, त्याच्याकडूनच काही उत्तर येईल अशी. मग त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. टीव्ही बघितला म्हणून नाही, म्हणाले. माझ्या तोंडावर खोटं बोलणाऱ्या मुलीला मी परगावी पाठवणार नाही.

मी काही बोलले नाही.

का, ते मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. ते मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. मी सांगितलं असतं तर फार तर अबोला धरला असता. पण त्यांच्या डोक्यात माझी शंकासुद्धा आली नव्हती, आणि मला वाटतं, तिथेच माझी जीभ अडकली. थालीपीठ लावणारी, मंडळाच्या हळदीकुंकवाची यादी करणारी बाई दुपारी एकटी बसून ते धुराचे लोट बघते, हे त्यांना सुचूच शकत नव्हतं. सांगितलं असतं तर पुढे आयुष्यभर त्यांनी माझ्याकडे जरासं डोकं तिरकं करून बघितलं असतं. शिवाय त्या घरात माझी अशी एकच वस्तू होती, आणि ती एका वाक्यात गेली असती. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग बँडची बस शिकागोला गेली, आणि त्यानंतर सांगून काय उपयोग, असं झालं. वर्षभरात लेकीने क्लॅरिनेट शाळेला परत करून टाकलं. कंटाळा आला, म्हणाली.

एक गोष्ट मात्र राहिली. ह्यांना तिच्याशी बोलताना ‘खरं सांग’ म्हणायची सवय लागली. जेवलीस का, खरं सांग. पोचलीस का नीट, खरं सांग. जावई पसंत आहे ना, खरं सांग. तीही हसून म्हणायची, खरंच बाबा. शेवटच्या आजारपणात आवाज फुटत नव्हता तेव्हाही तिला फोनवर हेच विचारलं. मी मनाशी म्हणायचे, बोलायची लकब आहे ती, दुसरं काही नाही. त्यांना जाऊन आता पाच वर्षं होतील.

आणि ती वाहिनी? त्या प्रसंगानंतर मला बघवेना. एकदा आवाज बंद करून लावली. माणसं नुसती तोंडं उघडतायत, मिटतायत, जणू मलाच काही विचारतायत. बंद केली ती केलीच. लेक कॉलेजला गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, पुन्हा लावून बघितली. तोवर गाणी संपली होती. एका घरात कोंडलेली तरुण माणसं एकमेकांवर ओरडत होती, पार्ट्या करत होती, रडत होती. माझी घोगऱ्या आवाजाची मुलगी कुठे गेली कोण जाणे. ‘आलेच’ म्हणून गेली आणि आली नाही. पुढे तर लोक पडतात-धडपडतात त्यांच्या व्हिडिओंचा एकच कार्यक्रम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. नाव तेच, चिन्ह तेच, आत सगळं दुसरंच. माणसांचंही होतं असं, आणि घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

या ऑक्टोबरात लेकीनेच बातमी सांगितली की वर्षाच्या शेवटी ती वाहिनी कायमची बंद होणार. मंगळवारी-गुरुवारी मी तिच्याकडे जाते. फ्रीवे घेत नाही, आतल्या रस्त्यांनी गाडी चालवते, चाळीस मिनिटं लागतात. लेक वरच्या खोलीत मीटिंगांमध्ये असते, मी खाली पोळ्या करते आणि नातीच्या बसची वाट बघते. नात बारा वर्षांची. तिचा टॅबलेट स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असतो. बातमी ऐकल्यावर मला राहवेना. एका गुरुवारी टॅबलेट उघडला, आठवेल ते एकेक नाव टाकलं, आणि गं, सगळी गाणी तिथे होती! तो वाळवंटातला पियानो, त्या काचा, तो धूर. वय न झालेली. मग दर मंगळवारी, दर गुरुवारी मी बघायला लागले. आणि बसची वेळ झाली की, कुणी सांगितलं नव्हतं तरी, टॅबलेट बंद करून होता तसा ठेवायला लागले. सत्तरीला टेकलेली बाई मी, घरात मला बोलणारं कुणी नाही, तरी हात आपोआप ते करत होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो, जावई कामासाठी बाहेरगावी. वरण-भात वाढून झाला आणि लेकीचा फोन वाजला. नातीच्या टॅबलेटवर आठवड्यात काय काय, किती वेळ पाहिलं गेलं याचा अहवाल तिला नुकताच दर रविवारी यायला लागला होता. मला ते माहीत नव्हतं. लेकीने वाचलं आणि फोन हळूच ताटाशेजारी ठेवला. शाळेच्या दिवसांत म्युझिक व्हिडिओ, तेही तासन् तास; नेमके किती वाजता, ते त्यात नसतं. होमवर्क करतेस म्हणून सांगतेस ना, तिने विचारलं. नात म्हणाली, “आय डिडंट, मम्मा.” लेक म्हणाली, इथे लिहिलंय. नात म्हणाली, “आय डोन्ट केअर व्हॉट इट सेज. इट वॉजन्ट मी.” शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं तिला, आइस स्केटिंगला. लेक म्हणाली, व्हिडिओंचं मी काही म्हणत नाही, पण खोटं बोलत राहिलीस तर शनिवार कॅन्सल. टेबलावरचे शब्द नवे नव्हते. फक्त बापाच्या खुर्चीत आता लेक बसली होती.

आणि मग ती जे म्हणाली ते मला अपेक्षित नव्हतं. मुलीकडे वाकून, जरा मऊ होऊन म्हणाली, “मला माहितीये तू का नाही म्हणतेस. मी तुझ्याच वयाची होते. आजोबांना मी एक्झॅक्टली हेच म्हणाले होते, आय डिडंट. अँड आय वॉज लाइंग.”

लेकीने पुढे सगळं सांगितलं. दुपारी चोरून टीव्ही लावला होता, हिरव्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, कुठलं गाणं लागलं होतं तेसुद्धा आठवतं. तू ऐकतेयस ना? हिरवा सोफा आमच्याकडे कधीच नव्हता. तो तिच्या मैत्रिणीच्या तळघरात होता. तिथे कधीतरी बघितलेलं गाणं तिने उचलून आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं होतं. इतक्या ठामपणे तिला खोटी म्हटलं गेलं होतं की एवढ्या वर्षांत तिने ते खरं करून घेतलं. आणि तसं केल्यावर तिला बापाचा राग धरावा लागला नव्हता.

मी म्हणाले, “ती नव्हे. मी बघत होते.”

“आई, प्लीज. तिला पाठीशी घालू नकोस.”

म्हणजे खरं सांगूनही कुणाला पटेना. मग मी टॅबलेट मागितला आणि न उघडता सांगायला लागले, गुरुवारी आधी कुठलं, मग कुठलं, मंगळवारी कुठलं दोनदा. लेक अहवालात बघत गेली. चौथ्या नावाला नात खुदकन हसली. “आज्जी, यू वॉच दॅट? द हेअर गाय?” लेकही हसली, मुलीची माफी मागितली, तिच्या केसांवरून हात फिरवला. शनिवार परत मिळाला. सगळं निवलं होतं. त्याच क्षणी मी तूप वाढलं असतं आणि गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. नात सुटली होती. लेकीने तिचं जुनं प्रकरण कधीच मिटवून टाकलं होतं, चुकीचं का होईना. मी ताटाकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, हीच ती ‘उद्या’ म्हणून ठेवलेली वेळ. हिच्यापुढे दुसरी नाही.

“तेव्हाही मीच होते,” मी म्हणाले.

ती म्हणाली, काय? मी सांगितलं. शंभर गाणी, बर्फ, सव्वाचार. ती मान हलवत राहिली. नाही आई, मी बघितलं होतं, मला आठवतं, सोफा... मी म्हणाले, सोफा आपला नव्हता. तेव्हा ती थांबली. नात आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती, तिला मराठी अर्धंच कळत होतं, पण आईचा चेहरा पुरता कळत होता. लेकीने एकच प्रश्न विचारला.

“बाबांना सांगितलंस?”

“नाही.”

“म्हणजे ते ‘खरं सांग’...” ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं. उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं, गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला. तासाभराने परत आली. रागावली नाही, रडली नाही. मला गाडीपर्यंत पोचवायला आली आणि रस्ता निसरडा आहे, हळू जा, म्हणाली.

त्यानंतर मंगळवार-गुरुवार बंद झाले. मुलीला शाळा सुटल्यावर तिथेच आफ्टर-स्कूलच्या वर्गाला घातलंय, तू बर्फात गाडी चालवू नकोस, असं तिने कळवलं. फोन रोज येतो. गोळ्या घेतल्यास का, पायऱ्यांवरचा बर्फ वितळायला मीठ टाकून घेतलंस का. सगळं विचारते, तेवढं एक सोडून. मी कितीदा ते बोलायला गेले, पण तिच्या आवाजात दार लोटलेलं असतं, कडी न लावता नुसतं लोटलेलं, आणि ते ढकलायचा हक्क मला राहिलेला नाही. वर्षाच्या शेवटच्या दुपारी मी टीव्ही लावला. वाटलं, निदान आज तरी गाणी लावतील. तेच लोक पडत होते, धडपडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नंबरवर निळा पडदा आणि दोन ओळी, की ही वाहिनी आता उपलब्ध नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. माझ्यापुरती ती कधीची गेली होती, त्या सव्वाचारलाच.

परवा दुपारी लेकीचा फोन आला. गोळ्यांचं विचारलं, मिठाचं विचारलं. मग म्हणाली, “आई, बाबा मला विचारत होते तेव्हा तू कुठे होतीस?”

बघ, तुलाही सगळं सांगताना मी नेमकं तेवढंच गाळलं.

“स्वयंपाकघराच्या दारात,” मी म्हणाले. “हातात चहाचा कप होता, बाबांसाठी आणलेला. तू माझ्याकडे बघितलंस. दोनदा.”

“मला तू आठवत नाहीस तिथे,” ती म्हणाली. “खोली आठवते, बाबा आठवतात. तू नाहीयेस. आय ट्राइड.” तिने खरंच डोळे मिटून मला तिथे शोधलं होतं, तीन आठवडे, आणि मी सापडले नव्हते. आईने आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, हे बारा वर्षांच्या मुलीला झेपलं नसेल. तिने मला खोलीतून काढून टाकलं आणि माझी चूक स्वतःवर घेतली. मी म्हणाले, होते गं मी. ती म्हणाली, ओके. मीटिंग आहे, ठेवते.

तेव्हापासून मी विचार करतेय. जगातलं प्रत्येक गाणं कुठेतरी जपून ठेवलेलं आहे. वाहिन्या बंद होतात, पण बोट लावलं की ती उठून उभी राहतात, केस तसेच पिंजलेले. पण दारातली ती बाई, कप धरलेली, गप्प, ती फक्त माझ्याकडे होती. माझ्याबरोबर निमूट गेली असती. आता मी ती लेकीच्या हवाली केली आहे, आणि ती सांभाळायला सोपी वस्तू नाही. मी हलकी झाले म्हणून ती जड झाली, हा न्याय मला पटत नाही, पण ‘खोटी’ म्हणवून घेतल्याचं ओझं तरी तिने आता खाली ठेवावं. ह्यांना सांगता आलं नाही ते नाहीच आलं. त्याला काळाकडे औषध असतं असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

तिला मराठी वाचता येत नाही, हे मी लिहिलेलं ती कधी वाचणार नाही. म्हणून आज सकाळी, हीटर सुरू झाल्यावर, मी तिला बोलून मेसेज ठेवला. चार वेळा पुसला, पाचव्यांदा ठेवला. म्हटलं, बाळा, जे विचारायचं ते विचार, दहा वेळा विचार, मी दर वेळी दारातूनच सुरुवात करेन. रागवायचं असेल तर इथे येऊन रागाव, फोनवर तुला नीट रागावता येत नाही. मुलीलाही आण. घर आता गरम आहे, रस्ते साफ झालेत. शनिवारी नाही जमलं तर रविवारी, पण ये. लवकर ये.